बूट हलका आहे, पण वजन कुठून कमी केले?

हलका बूट घ्यावा, हे डोंगरवाटा तुडवणाऱ्या बहुतेकांना आता पटलेले आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : बूट हलका करताना वजन नेमके कुठून काढले? दोन जोड तराजूवर सारखेच भरू शकतात, पण एकातले वजन वरच्या कापडातून, अस्तरातून आणि अनावश्यक शिवणींमधून कमी केलेले असते, तर दुसऱ्यात तळाच्या रबरालाच कात्री लावलेली असते. हातात घेतल्यावर दोन्ही सारखेच सुखावतात. सुट्या खड्यांच्या घसाऱ्यावरून उतरताना मात्र त्यांच्यातला फरक पहिल्या काही पावलांतच कळतो आणि काही महिन्यांनी तो डोळ्यांनाही दिसू लागतो. म्हणून वजनाचा आकडा मी जरूर पाहतो, पण निवड त्या आकड्यावर सोडत नाही.

तरीही वजन ही कमी लेखण्यासारखी गोष्ट नाही. पाठीवरचे ओझे शरीराबरोबर बऱ्यापैकी समान गतीने पुढे सरकत राहते. पायांतले वजन मात्र प्रत्येक पावलाला उचलावे लागते, झोकाने पुढे न्यावे लागते आणि पुन्हा थांबवावे लागते. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पायांवर लादलेले वजन वाहण्यासाठी लागणारी ऊर्जा ही तेवढेच वजन शरीराचा भाग म्हणून वाहण्याच्या तुलनेत सुमारे चार ते सहा पट होती आणि चालण्याचा वेग वाढला तसे हे गुणोत्तरही वाढत गेले. पुढे १९८० च्या दशकातील मोजमापांतून, बुटाच्या वजनात १०० ग्रॅमची भर पडली की ऑक्सिजनचा वापर साधारणपणे ०.७ ते १ टक्क्याने वाढतो, असा अंदाज मिळाला.

हेच आकडे पायवाटेवर आणून पाहू. घोट्याच्या वर येणारा जाड चामड्याचा जोड १,३०० ग्रॅमचा आणि कापडी, घोट्याखाली संपणारा जोड ६५० ग्रॅमचा धरला, तर एकेका पायामागे ३२५ ग्रॅमचा फरक पडतो. पाऊल ७५ सेंटिमीटरचे मानले तर १५ किलोमीटरच्या चालीत २०,००० पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पाय १०,००० वेळा उचलला जातो. जड बूट घातलेल्याच्या एकेका पायाने त्या एका दिवसात तीन टनांहून अधिक वजन जास्तीचे उचललेले असते. शेवटच्या उतारावर पाय भरून येतात, ठेच लागते, पाऊल जिथे पडायला हवे त्याच्या दोन बोटे अलीकडे पडते, ते बऱ्याच अंशी या थकव्यामुळेच. त्यामुळे हलका बूट हा माझ्या दृष्टीने आरामाइतकाच सुरक्षिततेचाही विषय आहे.

एमा गेटवुड यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. त्यांनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतील ३,००० किलोमीटरहून अधिक लांबीची अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटीने, एकाच मोसमात, साध्या कापडी बुटांवर पूर्ण केली. या हकिगतीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही : त्या वाटेवर त्यांना अनेक जोड बदलावे लागले. हलकेपणाची किंमत कुठे मोजावी लागते, हे त्यातून स्पष्ट दिसते. हलके, घट्ट पकडणारे आणि खूप टिकणारे हे तिन्ही गुण एका बुटात पूर्णपणे मिळत नाहीत, कारण ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. मऊ रबर चांगले पकडते पण लवकर झिजते, जाड रबर टिकते पण वजन वाढवते, आणि पातळ कापड हलके असते पण खडकाला घासून फाटते. आपण चालणार आहोत ती जमीन कशी आहे, हे ठरल्याशिवाय यांतल्या कोणत्या गुणाला झुकते माप द्यायचे ते ठरवता येत नाही.

पकडीविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण या एका बाबतीत तडजोड करू नये असे माझे ठाम मत आहे. रबरी सोल येण्यापूर्वी गिर्यारोहक चामड्याच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट वापरत. ते जड होते आणि त्यांतून थंडी थेट पायापर्यंत पोहोचत असे. १९३५ साली आल्प्समधील पुंता रासिका या शिखरावर सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यांचे सोबती असलेले इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खडकावर आणि बर्फावर दोन्हीकडे चालेल अशा तळाचा ध्यास घेतला आणि १९३७ साली खोल दाते असलेला रबरी सोल तयार केला. या सोलचे व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नावावरून आलेले आहे. १९५४ साली के-टू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हाच सोल होता. आज आपल्याला बुटाखाली जी दात्यांची नक्षी दिसते, तिचा उगम असा जीव वाचवण्याच्या गरजेत आहे, हे लक्षात ठेवले तर तिच्याकडे शोभेची बाब म्हणून कोणी पाहणार नाही.

रबर खडकाला दोन प्रकारे धरते. कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर रबर आणि खडक इतके निकट येतात की त्यांच्या रेणूंमध्ये प्रत्यक्ष आकर्षण निर्माण होते. आणि खरखरीत पृष्ठभागावर मऊ रबर खडकाच्या बारीक उंचवट्यांभोवती दबून बसते, त्यामुळे ते सरकू लागले की प्रत्येक उंचवट्यापाशी त्याचा आकार बदलावा लागतो व त्यात खर्च होणारी ऊर्जा घसरण्याला विरोध करते. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की पहिला प्रकार जवळपास संपतो आणि सगळी भिस्त दुसऱ्यावर राहते. यामुळेच ओल्या पण खरखरीत कातळावर मऊ रबर विश्वासाने चालते, आणि प्रवाहाने गुळगुळीत झालेल्या, शेवाळलेल्या दगडावर उत्तमातला उत्तम सोलही दगा देतो. तिथे पाय ठेवायची जागा बदलणे हाच एक उपाय आहे, आणि कोणत्याही बुटाच्या भरवशावर तो टाळू नये.

दाते जितके खोल तितकी पकड चांगली, हा समज मला फार ठिकाणी आढळतो. चिखलात आणि भुसभुशीत मातीत तो खरा आहे, कारण तिथे दाते जमिनीत रुतून आधार घेतात. अशा वाटांसाठी ५ ते ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल दाते आणि त्यांच्यात भरपूर मोकळी जागा हवी. जागा अपुरी असेल तर चिखल दात्यांमध्ये थापला जातो, झडत नाही, आणि थोड्याच वेळात आपण मातीच्या सपाट तळावर चालू लागतो. सलग खडकावर मात्र गणित उलटते. तिथे रबराचा जास्तीत जास्त भाग खडकाला टेकणे महत्त्वाचे असते. खोल, विरळ दाते कमी भागाने टेकतात आणि अंगावर भार आला की वाकतात. खडकाळ, कोरड्या वाटांसाठी ३ ते ४ मिलिमीटरचे रुंद, एकमेकांजवळ बसवलेले दाते अधिक उपयोगी पडतात. दोन्ही प्रकारची जमीन येणार असेल, आणि बहुतेक वाटांवर ती येतेच, तर साधारण ४ ते ५ मिलिमीटरच्या आसपास थांबणे मला योग्य वाटते.

बूट उलटा करून प्रकाशाकडे धरावा आणि तळ निवांतपणे वाचावा, ही सवय मी प्रत्येकाला लावून घ्यायला सांगेन. चवड्याखालच्या दात्यांची कड चढावर मागे सरकू न देण्यासाठी असते आणि टाचेखालच्या दात्यांची कड उतारावर पुढे घसरू न देण्यासाठी. म्हणून या दोन भागांतल्या दात्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असलेली चांगली. टाचेची पुढची कड स्पष्ट उभी असेल तर उतारावर ती जमिनीत अडकून पाय रोखते. बोटांच्या टोकाखाली रबराचा थोडा सपाट पट्टा असेल तर खडकाच्या अरुंद कंगोऱ्यावर पाय ठेवायला त्याचा उपयोग होतो. यानंतर अंगठ्याचे नख एखाद्या दात्यात दाबून पाहावे. नख सहज रुतत असेल तर रबर मऊ आहे : ओल्या खडकावर ते साथ देईल, पण डांबरी रस्त्यावर रोज चालवले तर भराभर झिजेल. काही बुटांत टाचेला कडक आणि चवड्याला मऊ असे दोन प्रकारचे रबर वापरलेले असते, ही योजना मला मनापासून आवडते, कारण टाच सर्वांत आधी झिजते आणि खडकावर चढताना पकड चवड्याला लागते.

याच वेळी सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तरही सापडते. अनेक हलक्या बुटांत रबर तळभर पसरलेले नसते; टाचेखाली, चवड्याखाली आणि बोटांखाली त्याचे तुकडे चिकटवलेले असतात आणि मधला फोम उघडा असतो. सपाट पायवाटेवर याने काही बिघडत नाही. टोकदार दगडांच्या वाटेवर मात्र उघडा फोम कापला जातो, त्याचे कण निघू लागतात, आणि रबराच्या तुकड्यांच्या कडा तिथूनच सुटायला सुरुवात होते. अशा वाटांवर जाणाऱ्याने अखंड रबराचा तळ घ्यावा आणि त्यासाठी थोडेफार जास्तीचे वजन आनंदाने स्वीकारावे. बुटात सर्वांत जास्त काम करणारे वजन हेच आहे.

वरच्या भागातून वजन कमी करायला बराच वाव असतो, पण तो कुठे फाटतो हे ठाऊक असले पाहिजे. चालताना बूट चवड्यापाशी दुमडतो आणि करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला, घडी पडते. जाळीदार कापडाचा बहुतेक बूट प्रथम तिथेच जातो : आधी एखादा धागा पांढुरका दिसू लागतो, मग त्याच्या शेजारचे दोन-तीन तुटतात, आणि त्या भोकातून शिरलेली बारीक वाळू आतून कापड घासत राहते. त्यामुळे घडीच्या या जागेवर शिवण किंवा दोन कापडांचा जोड येत असेल तर तो बूट मी बाजूला ठेवतो. दाट विणीचे नायलॉन मोठ्या छिद्रांच्या जाळीपेक्षा किंचित गरम होते, पण पुष्कळ जास्त टिकते. बोटांभोवती रबराची पट्टी असावी. तिचे वजन अल्प असते आणि ठेचांपासून बोटांचे व कापडाचे दोन्हींचे रक्षण होते. शिवणीऐवजी उष्णतेने चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या हल्ली सर्रास दिसतात. त्यांत घासून तुटणारा दोरा नसतो हे खरे, पण त्यांचे कोपरे सुटतात, म्हणून नव्या बुटातही ते बोटाने चाचपून पाहावेत.

चामडे टिकाऊपणात आजही पुढे आहे, विशेषतः वरचा नैसर्गिक थर न तासलेले अखंड चामडे. पण ते जड असते, एकदा पूर्ण भिजले की वाळायला फार वेळ घेते आणि पायाला सरावायला काही आठवडे मागते. जाड चामड्याच्या बुटांना वेल्ट पद्धतीने, म्हणजे बुटाच्या कडेभोवतीच्या पट्टीला, शिवलेला सोल असेल तर तो बदलून घेता येतो. हलक्या बुटांचा तळ जवळजवळ नेहमीच नुसता चिकटवलेला असतो आणि तो झिजला की सहसा बूटच संपतो. स्थूलमानाने, पळण्याच्या धर्तीवर बनवलेला हलका बूट ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतो, तर भक्कम चामड्याचा बूट त्याच्या दुप्पट किंवा अधिक. चालणाऱ्याचे वजन, पाठीवरचे ओझे आणि जमीन यांनुसार हे आकडे बरेच खालीवर होतात.

तळ आणि पाय यांच्यामधल्या फोमबद्दल थोडक्यात सांगतो. हलक्या बुटांत बहुधा ईव्हीए नावाचा फोम असतो. तो हलका आणि मऊ असतो, पण वापराने दबत जातो व पुन्हा पूर्ण फुलत नाही. पॉलियुरेथेन हा दुसऱ्या प्रकारचा फोम जड असतो आणि दाबाला जास्त काळ टिकतो, मात्र हवेतील बाष्पामुळे काही वर्षांत त्याचे विघटन होते, अगदी बूट न वापरता कपाटात ठेवला तरीसुद्धा, आणि मग एखाद्या दिवशी चालता चालता तळ भुगा होऊन सुटतो. त्यामुळे जुना साठा असलेला नवा बूट सवलतीत मिळत असेल तर तो कधीचा आहे हे विचारावे. फोमच्या आत पातळ, कडक पत्रा बसवलेला असेल तर टोकदार दगड तळव्याला टोचत नाहीत. तो आहे की नाही, हे तळ दोन्ही अंगठ्यांनी खालून जोराने दाबून कळते. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहिला तर त्याचा ताठपणाही समजतो : कपड्यासारखा पिळला जाणारा बूट दगडांवर पायाला थकवतो, आणि चवड्याऐवजी मध्यभागी दुमडणारा बूट तळव्याच्या कमानीवर ताण आणतो.

जलरोधक पडदा असलेला बूट प्रत्येकाने घ्यावा, असे मला वाटत नाही. थंडीत, वितळत्या बर्फात आणि दवाने भिजलेल्या गवतात त्याचा मोठा आधार असतो. उबदार हवेत, सततच्या पावसात आणि ओढे ओलांडताना पाणी घोट्यावरून आत येते, आणि बाहेरचे पाणी अडवणारा तोच पडदा आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. साधा जाळीचा बूट अशा वेळी चालता चालता निथळतो आणि लवकर वाळतो. शिवाय पडद्यामुळे वजन वाढते, पायाला घाम येतो, आणि सततच्या दुमडण्याने पडद्याला चीर पडली की बूट वरून धडधाकट दिसत असूनही त्याचा तो गुण संपतो.

घोट्याच्या वर येणारा बूट पाय मुरगळण्यापासून वाचवतो, हे मत फार खोलवर रुजलेले आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासात उंच आणि बुटके बूट वापरणाऱ्यांमध्ये घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. मैदान आणि डोंगर यांत अंतर आहे, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण हलक्या पाठपिशवीने चालणाऱ्या, पूर्वी दुखापत न झालेल्या माणसाने केवळ भीतीपोटी उंच बूट घेण्याची गरज नाही, असे मी मानतो. मऊ कापडाची उंच कड घोट्याला फारसा आधार देतही नाही. तिचा खरा उपयोग खडे आत येऊ न देण्याचा आणि कातळाचा मार चुकवण्याचा. तळाची रुंदी आणि जमिनीपासून पायाची उंची यांचा परिणाम मला अधिक वाटतो. जाड, उंच फोमवर पाय डगमगतो. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरकही पाहावा : ज्याला १० मिलिमीटरची सवय आहे त्याने एकदम शून्यावर जाऊ नये, कारण त्याचा ताण पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर येतो.

हे सगळे जमले आणि माप चुकले, तर काहीच उपयोग नाही. दिवसभरात पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी पाहावेत, आणि डोंगरावर वापरणार तेच लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पायांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून मोठ्या पायाचे माप धरावे, कारण ब्रिटिश मापांत एका क्रमांकाला सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतात, तर युरोपीय मापांत पावणेसात मिलिमीटरच्या आसपास, आणि दोन कंपन्यांचे साचे जुळतातच असे नाही. नाड्या बांधून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. उतरत्या फळीवर किंवा पायऱ्यांवर खाली तोंड करून चालावे : बोटे पुढे आपटत असतील तर लांब उतारानंतर नखे काळी पडणार हे नक्की. मग चढावे, टाच आत वरखाली होत असेल तर फोड येणार. टाच थोडीशीच उचलत असेल तर वरच्या शेवटच्या दोन छिद्रांतून नाडीचा फास करून घट्ट ओढल्याने ती जागेवर बसते. बोटांना पसरायला जागा हवी आणि मधला पाय आवळून धरलेला हवा. चावणारा बूट पुढे सैल होईल या आशेवर घेऊ नये, कारण कृत्रिम कापड चामड्यासारखे ताणत नाही.

घेतलेला बूट टिकवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. चालून आल्यावर चिखल लगेच धुवावा, कारण वाळलेली माती कापडाचे धागे कापते आणि चामड्यातला ओलावा शोषून त्याला तडे पाडते. आतला तळ काढून वेगळा वाळवावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते बदलत राहावे, आणि शेकोटीजवळ किंवा कडक उन्हात बूट कधीही ठेवू नयेत. उष्णतेने चिकटवलेला जोड मऊ होऊन सुटतो.

बूट बदलण्याची वेळ आली हे ओळखण्यासाठी वरचे कापड पाहत बसू नये. टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यातले आणि चवड्याच्या मध्यावरचे दाते पाहावेत; त्यांच्या कडा गोल झाल्या की उरलेली उंची पुरेशी वाटली तरी सुट्या मातीवरची पकड बरीच कमी झालेली असते. फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटल्या असतील, किंवा बूट सपाट टेबलावर ठेवल्यावर मागून एका बाजूला कललेला दिसत असेल, तर फोम संपलेला आहे. असा जोड सपाट रस्त्यावर फिरायला ठेवावा, आणि नवा जोड मोठ्या चालीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी आणून लहान लहान वाटांवर, पाठपिशवी घेऊन, वापरून घ्यावा.